रॅम काढून लावली की चालतो, पंधरा दिवसांनी परत 'नो सिग्नल': मदरबोर्ड बदलण्याआधी हे तपासा

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. घरीच पार्ट आणून जोडलेला डेस्कटॉप. बटण दाबलं की पंखे फिरतात, दिवे लागतात, मॉनिटर मात्र 'नो सिग्नल' दाखवून झोपी जातो. मग कॅबिनेट उघडायचं, रॅमची पट्टी काढायची, तिच्या सोनेरी कडेवर खोडरबर घासायचा आणि पट्टी परत दाबून बसवायची. पीसी चालू! आठवडा-पंधरवडा बरा जातो आणि एका सकाळी परत तेच. अशा तीन-चार फेऱ्या झाल्या की जाणकार मित्राचा निकाल ठरलेला असतो: "बोर्ड गेलाय बे, नवीन टाक."

नवीन बोर्ड टाकूनही महिनाभरात तेच रडगाणं सुरू झालेले पीसी आपल्या सोलापुरात कमी नाहीत. पट्टी हलवल्यावर जो पीसी पंधरा दिवस सुरळीत चालतो, त्याचा बोर्ड बहुधा शाबूत असतो. बिघाड असतो तो त्याच्या आसपास: घरातली वीज, बायोसमधली (पीसी चालू होताना सगळ्यात आधी धावणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) सेटिंग, रॅमच्या स्लॉटमधला कचरा किंवा कॅबिनेटमध्ये बोर्ड बसवण्याची पद्धत. बोर्ड बदलला तरी या चारही गोष्टी जागच्या जागी राहतात.

घासलं आणि चालू झालं, म्हणजे दोष घाणीचाच होता, हा निष्कर्ष घाईचा आहे. पट्टी काढायची म्हणून आपण आधी प्लग काढतो, त्यामुळे बोर्डावर साठलेली वीज निघून जाते. पुष्कळ बोर्ड असा पूर्ण वीजभंग झाल्यावर रॅमशी जुळणी नव्याने करतात. पट्टी आत-बाहेर करताना संपर्क आपोआप घासले जातात, खोडरबर असो वा नसो. आणि पट्टी अंगठ्याने दाबताना अख्खा बोर्ड थोडा वाकतो, आजूबाजूच्या वायरी हलतात. एकाच खटपटीत इतकं सगळं होतं आणि श्रेय मात्र खोडरबर घेऊन जातो. म्हणून पुढच्या वेळी पडदा काळा राहिला की पट्टीला लगेच हात लावू नका. एकेक गोष्ट वेगळी करून बघा. संध्याकाळ जाईल, पण बोर्डाचे पैसे वाचतील.

एक खुलासा आधीच. चालू होताना कंपनीचा लोगो दिसत असेल आणि त्यानंतर पडदा काळा होत असेल, तर तो वेगळा आजार आहे, बहुधा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचा किंवा विंडोजचा. इथे आपण लोगोसुद्धा येत नाही अशा पीसीबद्दल बोलतोय.

आधी बघा, मग उघडा

बोर्डाच्या कडेला, बहुतेक वेळा चोवीस पिनच्या मोठ्या कनेक्टरजवळ, चार बारीक दिवे असतात: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट. चालू होताना ते एकामागून एक लागतात आणि विझतात. जो दिवा लागून तसाच राहतो, तिथे गाडी अडली आहे. या दिव्यांकडे बघायची सवय लागली तर निम्मं काम कॅबिनेट न उघडता होतं. बाजूची काच असलेल्या कॅबिनेटचा मला दिसलेला एकमेव व्यावहारिक फायदा हाच. स्वस्त बोर्डांवर हे दिवे नसतात. तिथे छोटा बझर मिळतो, तो बोर्डाच्या 'स्पीकर' लिहिलेल्या पिनांवर लावा आणि बीप मोजा. बीपचा अर्थ त्या बोर्डाच्या पुस्तिकेत असतो. इंटरनेटवरचे जुने तक्ते वापरू नका, प्रत्येक बायोसची भाषा वेगळी असते.

डीरॅमचा दिवा लागून राहिला तर थांबा. खरोखर थांबा. प्रोसेसर चालू होताना रॅमबरोबर सिग्नलच्या वेळा जुळवून घेतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. डीडीआर४ या आधीच्या पिढीच्या रॅममध्ये हे पटकन उरकतं. डीडीआर५ मध्ये, विशेषतः २०२२ मध्ये आलेल्या एएमडीच्या एएम५ सॉकेटच्या बोर्डांवर, पहिल्या वेळी किंवा बायोस रिसेट केल्यावर काही मिनिटं पडदा काळा राहू शकतो. रॅम जास्त असेल तर आणखी वेळ. दोन मिनिटांत धीर सुटून बटण दाबून बंद केलं की जुळणी अर्धवट राहते आणि पुढच्या वेळी पहिल्यापासून सुरू होते. चहा करून या, तोवर हात लावू नका.

व्हीजीएचा दिवा लागून राहिला तर मॉनिटरची केबल कुठे खोचली आहे ते बघा. आय५-१२४००एफ सारख्या नावात शेवटी एफ असलेल्या इंटेलच्या प्रोसेसरमध्ये आतलं ग्राफिक्स नसतं. रायझन ५ ५६०० मध्येही नसतं, ५६००जी मध्ये असतं. अशा प्रोसेसरला बोर्डावरचं एचडीएमआय तोंड निव्वळ शोभेचं. केबल ग्राफिक्स कार्डातच हवी. सुट्टीत साफसफाई झाली, केबल काढून परत लावली आणि पीसी 'बिघडला', असे फोन दिवाळीच्या आसपास येतातच.

डिस्प्लेपोर्ट केबल वापरत असाल तर एक कमी माहीत असलेली गोष्ट. या केबलची विसावी पिन दोन्ही टोकांना जोडलेली नसावी असं मानक सांगतं. काही स्वस्त केबलमध्ये ती जोडलेली असते. मग पीसी बंद असतानाही मॉनिटरमधून ३.३ व्होल्ट ग्राफिक्स कार्डात उलटे शिरत राहतात आणि पीसी चालू व्हायला नखरे करतो. मॉनिटरची केबल काढल्यावर पीसी नीट चालू होत असेल, तर दोषी केबल आहे.

प्लग काढल्यानेच चालू झाला तर

ही पहिली चाचणी. रॅमला हात न लावता एसएमपीएसचं (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) मागचं बटण बंद करा, प्लग काढा, पुढचं पॉवर बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा. पाच मिनिटांनी प्लग लावून चालू करा. एवढ्यावर चालू झाला, तर रॅमची पट्टी आणि खोडरबर दोघेही निर्दोष सुटले.

पीसी बंद केला तरी प्लगात वीज असेपर्यंत एसएमपीएस बोर्डाला ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा देत राहतो. लाईट गेली, आली, फडफडली, परत गेली, अशा वेळी या पुरवठ्यावर जागी असलेली एखादी चिप अर्धवट अवस्थेत अडकून बसते. प्लग काढून सगळी वीज उतरवली की ती मोकळी होते. वारंवार असं होत असेल तर संशय दोघांवर: एसएमपीएस आणि घरची वीज.

एसएमपीएसचं थोडक्यात सांगतो. शक्य असेल तर मित्राचा, चालू स्थितीतला, लावून महिनाभर बघा. १२ व्होल्टची वायर मल्टिमीटरवर ११.४ ते १२.६ च्या बाहेर जात असेल तर तो बदला. पण आकडा बरोबर आला म्हणून त्याला प्रमाणपत्र देऊ नका. चालू होण्याच्या क्षणी तो किती डगमगतो, ते साध्या मीटरवर दिसत नाही. आणि कॅबिनेटबरोबर फुकट आलेला '४५० वॅट' लिहिलेला हलका डबा असेल, तर माझं मत आधीच ठरलेलं आहे. चांगल्या एसएमपीएसची क्षमता ४० किंवा ५० अंश तापमानाला मोजलेली असते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेरच पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याखालच्या खोलीत कॅबिनेटच्या आत काय होत असेल याचा अंदाज करा.

आता अर्थिंग. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण बोर्डाच्या बहुतेक चर्चांमध्ये ते येतच नाही.

कॅबिनेटच्या पत्र्याला उघड्या पायाने, हाताच्या मागच्या बाजूने हलकासा स्पर्श केला की झिणझिण्या येतात का? मग तुमच्या सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात अर्थिंग नाही, किंवा नावापुरतं आहे. एसएमपीएसच्या तोंडाशी आवाज गाळणारे छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलमधून पत्र्याकडे जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर पत्रा या दोघांच्या मधोमध तरंगतो, म्हणजे २३० च्या निम्म्यावर, शंभर-सव्वाशे व्होल्टच्या आसपास. प्रवाह अगदी थोडा असतो, म्हणून माणसाला सहसा झिणझिण्यांवर भागतं. पण तोच पत्रा एचडीएमआय आणि यूएसबीच्या केबलच्या आवरणाला जोडलेला असतो. मॉनिटर दुसऱ्या सॉकेटवर, सेट-टॉप बॉक्सची केबल गच्चीवरून आलेली, आणि तुम्ही चालू अवस्थेत एचडीएमआय खोचता. ती ठिणगी थेट पोर्टात जाते. पोर्ट जळणं, यूएसबी मधूनच गायब होणं, पीसी अडकणं, यामागे ही गोष्ट निघते तेव्हा बोर्डाला दोष देऊन काय उपयोग?

मल्टिमीटर एसीच्या मोठ्या रेंजवर ठेवून सॉकेटमध्ये तीन मोजमापं घ्या. सवय नसेल तर वायरमनला बोलवा, उगाच धाडस नको. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास हवं. फेज-अर्थ जवळपास तेवढंच हवं. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवं, तेही घरात पंखे-फ्रिज चालू असताना. फेज-अर्थ शंभरच्या घरात फिरत असेल तर अर्थची वायर कुठेतरी तुटलेली आहे. आकडे बरोबर आले तरी अर्थिंग दमदार आहेच असं सिद्ध होत नाही. ते मोजायचं यंत्र वेगळं, ते चांगल्या वायरमनकडे असतं.

सोलापूरच्या जमिनीचा स्वभावही ध्यानात घ्या. कुठे काळी माती, कुठे हातभर खाली मुरूम आणि काळा पाषाण. काळी माती उन्हाळ्यात आकसते, भेगाळते आणि अर्थिंगच्या सळईपासून सुटते. मुरूम तर कोरडाठाक. ओल गेली की जमीन वीज वाहून नेईनाशी होते. म्हणून पावसाळ्यात गुण्यागोविंदाने चालणारा पीसी मार्चपासून कुरकुरायला लागतो आणि आपण खापर उकाड्यावर फोडतो. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर चार-आठ दिवसांनी बादलीभर पाणी ओतणं हा जुना, फुकटचा आणि खरा उपाय आहे. खड्डाच नसेल, जुन्या वाड्यात पुष्कळदा नसतो, तर तो करून घेणं बोर्डापेक्षा जास्त गरजेचं.

एक गोष्ट मात्र कुणी सुचवली तरी करू देऊ नका: सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडणं. झिणझिण्या लगेच थांबतात, त्यामुळे काम झाल्यासारखं वाटतं. पण खांबावरून येणारी न्यूट्रल कधी तुटली, तर कॅबिनेटच्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतील. तो प्रकार जीव घेणारा आहे.

जाता जाता यूपीएस. घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंतच देतो, आणि बॅटरीवर गेला की त्याची वीज शुद्ध लहरीची नसते. काही एसएमपीएसना ती चालत नाही. लाईट गेल्यावर पीसी लगेच बंद पडत असेल तर यूपीएसची बॅटरी, त्याची क्षमता आणि यूपीएस-एसएमपीएसची जोडी, तिन्ही तपासा.

बायोस रिसेट केल्यावरच चालू झाला तर

प्लग काढून फरक पडला नाही, तर दुसरी चाचणी. प्लग काढलेलाच ठेवा आणि बोर्डावरच्या रिसेट पिना, पुस्तिकेत क्लिअर सीमॉस नावाने दाखवलेल्या, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने काही सेकंद जोडा. पिना सापडत नसतील तर गोल सेल काढून दहा मिनिटांनी परत लावा. रॅमला अजून हात नाही.

यावर चालू झाला तर बहुधा रॅमचा वेग नडतो आहे. खोक्यावर ३२०० किंवा ६००० लिहिलेलं असतं, तो वेग रॅम आपणहून घेत नाही. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅमला छापील वेग देणारी सेटिंग) चालू केल्यावर मिळतो. डीडीआर४ चा मूळ व्होल्टेज १.२, एक्सएमपीला बहुतेक वेळा १.३५ लागतो. एकाच खोक्यातल्या दोन पट्ट्या एकमेकींशी तपासून दिलेल्या असतात. एक पट्टी आधी घेतली, वर्षाने दुसरी वेगळी आणून जोडली, तर लिहिलेला वेग सारखा असूनही जुळणी काठावरची होते. काठावरची म्हणजे आज होते, उद्या होत नाही. पंधरा दिवसांनी परत येणारा बिघाड नेमका असाच असतो. एक्सएमपी बंद करून महिनाभर वापरा. त्रास गेला तर वेग एक पायरी खाली ठेवा आणि विसरून जा. ३२०० आणि २९३३ मधला फरक रोजच्या कामात कुणालाही कळत नाही. खात्रीच हवी तर पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६ घालून रात्रभर चालवा. एकसुद्धा चूक निघाली तर ती सेटिंग नापास.

एएम५ वर 'मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर' नावाचा पर्याय असतो. तो चालू असला की बोर्ड मागची जुळणी जपून वापरतो आणि झटकन चालू होतो. काही जोड्यांना ही घाई मानवत नाही. विचित्र क्रॅश किंवा काळा पडदा येत असेल तर तो बंद करून बघा, सुरुवातीला थोडा जास्त वेळ लागेल इतकंच.

पट्ट्या कोणत्या स्लॉटमध्ये आहेत तेही याच वेळी बघा. चार स्लॉटच्या बोर्डावर दोनच पट्ट्या असतील तर त्या प्रोसेसरकडून मोजल्यास दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात, बोर्डावर ए२ आणि बी२ लिहिलेलं असतं. पहिल्या-तिसऱ्यात टाकल्या तरी चालतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, पण रिकामा राहिलेला टोकाचा स्लॉट जास्त वेगाला सिग्नल बिघडवतो.

सेलही तपासा. सीआर२०३२, नवा असताना ३ व्होल्ट किंवा किंचित वर. मीटरवर २.७ च्या खाली दिसला तर बदला, किरकोळ किमतीत मिळतो. प्लगात वीज असते तोवर बोर्डाचं घड्याळ स्टँडबायवर चालतं, सेलवर भार नसतो. जे रोज रात्री भिंतीवरचं बटण बंद करतात (आणि वीज-गडगडाटाच्या दिवसांत ते शहाणपणाचंच आहे), त्यांचा सेल लवकर संपतो. घड्याळ मागे पडायला लागलं, तारीख काही वर्षं मागे गेली, की समजा. सेल गेल्यावर सेटिंग पुसली जातात आणि पीसी दर वेळी नव्याने सुरुवात करतो.

राहिलं बायोसचं अद्ययावत करणं. चालतंय ते कशाला छेडा, हे धोरण एरवी मलाही पटतं. पण दोन ठिकाणी अपवाद करा. जुन्या बी४५० किंवा बी३५० बोर्डावर रायझन ५००० मालिकेतला प्रोसेसर घातला असेल तर नवा बायोस हवाच. आणि इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले वरचे प्रोसेसर जास्त व्होल्टेज मागून स्वतःलाच खराब करत होते. त्यावर उपाय म्हणून मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) ऑगस्ट २०२४ पासून बायोसमधून येऊ लागले. या पिढीचा आय७ किंवा आय९ असेल आणि बायोस त्याआधीचा असेल, तर आधी ते काम करा. इंटेलने या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आहे, तीही ध्यानात असू द्या. बायोस बदलताना लाईट गेली तर खरोखरच बोर्ड जायची वेळ येते, म्हणून यूपीएसवर आणि महावितरणचा देखभालीचा वार टाळून करा.

शेवटी रॅम, आणि तो खोडरबर

दोन्ही चाचण्या फसल्या तर आता पट्टी काढा. पण घासू नका. नुसती काढून, स्लॉटच्या खटक्यांचा आवाज येईपर्यंत सरळ दाबून बसवा. चालू झाला तर संपर्काचा किंवा दाबाचा प्रश्न आहे.

पट्टीच्या कडेला सोन्याचा अतिशय पातळ थर असतो. खोडरबर म्हणजे घासणारा पदार्थ, तो दर वेळी त्या थराचा अंश घेऊन जातो. त्याचा चुरा स्लॉटमध्ये पडतो आणि कोरड्या हवेत घासल्याने स्थिर विद्युतही तयार होते. अडल्या वेळी एकदा केलं तर आकाश कोसळत नाही, दर पंधरवड्याचा विधी करू नका. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. मऊ, धागे न सोडणाऱ्या कापडावर घेऊन पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

पण खरा कचरा बहुतेक वेळा पट्टीवर नसतो, स्लॉटमध्ये असतो. सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाकडे, साखर पेठेत, जिथे खाली यंत्रमाग आणि वर घर, तिथले कॅबिनेट उघडून बघा. सुताचे बारीक तंतू प्रोसेसरच्या हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) नमद्यासारखे बसलेले असतात. मागाच्या तेलाचा अंश हवेत असतो, त्यामुळे ते चिकटतात, फुंकून जात नाहीत. पावसाळ्यात हाच थर ओल धरतो. एका ओळखीच्या अण्णांच्या घरी पीसी जिन्याखाली, मागाच्या खोलीच्या दाराला लागून होता. तो वरच्या खोलीत टेबलावर नेला, रिकाम्या स्लॉटमध्ये ब्लोअर मारला, हीटसिंक धुऊन काढला आणि पुढच्या जाळीला धुता येणारा फिल्टर लावला. रॅम काढण्याचा कार्यक्रम थांबला.

ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं. स्लॉटपासून वीतभर लांबून मारा. आणि ओला फडका, कंगवा, टूथपिक यांपैकी काहीही स्लॉटमध्ये घालू नका.

नुसतं बोर्डाला किंवा वायरीला दाबल्यावर चालू होत असेल, तर जोडणीकडे वळा. कॅबिनेटमध्ये बोर्डाखाली पितळी खुंट्या असतात. एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा, मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४ चा, त्यांच्या भोकांच्या जागा वेगळ्या. मोठ्या बोर्डासाठी लावलेली एखादी खुंटी छोट्या बोर्डाखाली तशीच राहिली, तर ती बोर्डामागच्या सोल्डरच्या टाक्यांना टेकते. उन्हाने पत्रा थोडा सरकला की टेकते, गार झाला की सुटते. चोवीस पिनचा कनेक्टर अर्धवट बसलेला असणं हेही नेहमीचं. तो बराच घट्ट असतो, लोक घाबरून पूर्ण दाबत नाहीत.

आणि कूलर. मेमरी कंट्रोलर हल्ली प्रोसेसरच्या आतच असतो. कूलरचे स्क्रू एका बाजूने जास्त आवळले की प्रोसेसर सॉकेटमध्ये तिरका दाबला जातो, एखादी पिन नीट टेकत नाही आणि बोर्ड म्हणतो रॅम दिसत नाही. रॅमच्या दोन मार्गांपैकी एक चॅनेलच गायब, १६ जीबीऐवजी ८ दिसतेय, ही त्याची खूण. स्क्रू सगळे सैल करा, मग समोरासमोरचे थोडे थोडे, सारखे आवळा.

सगळं करून थकलात तर बोर्ड बाहेर काढा. त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा, चंदेरी पिशवीवर नको, ती बाहेरून वीज वाहते. प्रोसेसर, कूलर, एकच पट्टी ए२ मध्ये, आणि चोवीस व आठ पिनच्या वायरी, बाकी काही नाही. प्रोसेसरमध्ये आतलं ग्राफिक्स नसेल तरच ग्राफिक्स कार्ड. पॉवरच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडून चालू करा. बाहेर चालतो आणि आत चालत नाही, तर दोष कॅबिनेटमध्ये. दुसरा एसएमपीएस आणि दुसरी, चालू असलेली पट्टी लावूनही बाहेर चालत नाही, तर मग बोर्ड किंवा प्रोसेसर. इथपर्यंत आल्यावरच "बोर्ड गेला" म्हणायचा अधिकार.

नवीन घ्यायचाच झाला तर

तुमची रॅम डीडीआर४ असेल तर बोर्डही डीडीआर४ चाच हवा, खाच वेगळ्या जागी असते, बसणारच नाही. इंटेल प्रोसेसरचे बी६६० आणि बी७६० बोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात, खोक्यावरचं नाव शेवटपर्यंत वाचा. एएम५ वर फक्त डीडीआर५. कंपनीच्या संकेतस्थळावर प्रत्येक बोर्डाची प्रोसेसरची यादी आणि तपासलेल्या रॅमची यादी असते. कोणत्या बायोसपासून प्रोसेसर चालतो तेही तिथेच लिहिलेलं असतं. दुकानात उभ्या उभ्या मोबाइलवर बघून घ्या.

आपल्या उन्हाळ्यासाठी मी पैसे तीन गोष्टींवर टाकेन: प्रोसेसरशेजारच्या वीजपुरवठ्याच्या भागावर हीटसिंक, ते चार निदानाचे दिवे, आणि प्रोसेसर नसतानाही पेन ड्राइव्हवरून बायोस भरता येणारं फ्लॅशबॅक बटण. रंगीत दिवे, वायफाय, चार स्लॉट हे नंतर. साध्या एच६१० बोर्डावर आय५-१२४०० आरामात चालतो, त्याची कमाल ११७ वॅट आहे. त्याच बोर्डावर आय७-१३७०० घातला तर तो २१९ वॅटपर्यंत मागतो, आणि हीटसिंक नसलेल्या बोर्डाला मेमध्ये ते झेपत नाही, वेग पाडून बसतो. दोन हजार वाचवून आय७ चा आय५ करून घेण्यात काय हशील?

बोर्ड हातात आल्यावर दुकानातच सॉकेटवरची प्लॅस्टिकची टोपी उचलून आतल्या पिना मोबाइलच्या टॉर्चखाली तिरक्या बघा. सगळ्या एका ओळीत चमकायला हव्यात. एखादी वाकलेली दिसली तर तिथेच परत करा, घरी गेल्यावर ती तुमच्या हातून वाकली असंच धरतात. आणि ती टोपी फेकू नका. वॉरंटीत बोर्ड पाठवायची वेळ आली की टोपीशिवायचा बोर्ड बहुतेक ठिकाणी घेत नाहीत.